गारठ्यात वाढलेले ठिपके

या अंकाच्या संपादकांनी फोन करून "नोकरीतल्या आठवणी लिहाल का?" असं विचारलं, तेव्हा मी त्यांना आधीच सावध केलं होतं. म्हटलं, "लिहीन, पण माझी अर्धीअधिक नोकरी शीच्या डब्यांत गेली. चकली खाताखाता वाचावं असं काही निघणार नाही." ते हसले. म्हणाले, "तुम्ही लिहा हो, वाचणारे बघून घेतील." तेव्हा पुढची जबाबदारी त्यांची.

घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मी बत्तीस वर्षं लॅब टेक्निशियन होते. सुरुवातीला रक्त, लघवी, थुंकी, सगळंच तपासलं. मग हळूहळू एक टेबल माझ्याच नावावर पडलं. शौचाचे नमुने. इतर कुणाला ते नको असायचं. आणि खरं सांगायचं तर काही वर्षांनी मलाही दुसरं टेबल नको वाटायला लागलं.

काम सोपं करून सांगते. जुलाब झालेल्या मुलाची शी आमच्याकडे आली की त्यातलं चिमूटभर घेऊन एका काचेच्या थाळीवर सारवायचं. थाळीत जंतूंचं खाद्य असतं, गुलाबीसर, खरवसासारखं थुलथुलीत. मग ती थाळी माणसाच्या अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीवर ठिपके उगवलेले असतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूची लाखोंची वस्ती. पोटात नेहमी राहणारे बिनधोक जंतू गर्द गुलाबी उगवतात. त्यांच्यात एखादा फिकट, रंग नसलेला ठिपका दिसला की तो उचलून त्याची चौकशी करायची. तू कोण, कुठला, काय खातोस, कुठल्या औषधाला मरतोस. एवढंच माझं काम.

नमुना डबीत आणा म्हणून सांगितलं, की लोक घरात जी डबी सापडेल ती आणायचे. श्रीखंडाचा डबा, बामची बाटली, एकदा तर चांदीचा करंडा. जोगेश्वरीहून एक गृहस्थ यायचे, त्यांच्या नातवाचा नमुना ते शाल गुंडाळून आणत. मी विचारलं, "शाल कशाला काका?" तर म्हणाले, "गाडीत वारा लागतो ना." मी डबी शालीसकट दोन्ही हातांनी घेतली. नातवाचं होतं ते.

माझ्या आईला मात्र हे काम कधी पटलं नाही. माझी आजी आणि आई, दोघींनी पालिकेच्या झाडू खात्यात जन्म काढला. आईने मला हट्टाने विज्ञान शिकवलं, फी भरताना स्वतःच्या चपला शिवून शिवून वापरल्या. आणि मी काय काम करते हे कळल्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना पाठमोरीच म्हणाली, "आपण ज्यातून बाहेर पडलो, त्यातच पुन्हा शिकूनसवरून गेलीस की गं." तेव्हापासून कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत कुणी विचारलं की आई सांगायची, "दवाखान्यात आहे, हापिसात."

आता रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी सकाळी नऊच्या सुमारास माझे हात अस्वस्थ होतात. ते कपाट उघडायची वेळ असायची ती. दार उघडलं की आतली ऊब तोंडावर यायची आणि तिच्याबरोबर एक वास. तुम्हाला तो घाण वाटेल. मला त्या वासावरून कपाटात कोण कोण उगवलंय याचा अंदाज यायचा. एक जंतू द्राक्षासारखा वास मारतो, एकाचा वास शिळ्या माशासारखा. असा वास जगात दुसरीकडे कुठे येत नाही, आणि त्याची आठवण येते असं कुणाला सांगायचीही सोय नाही.

तर तन्वीची गोष्ट.

अठराएक वर्षांपूर्वीची, जानेवारीतली. त्या वर्षी मुंबईत खरोखरची थंडी पडली होती. शुक्रवारी संध्याकाळी मुलांच्या वॉर्डातून एक नमुना आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, मुलगी, वय अकरा, थॅलेसेमिया, ताप, जुलाब, पोटात उजवीकडे खाली दुखतंय. मी नेहमीसारखी थाळी सारवली आणि कपाटात ठेवली.

थॅलेसेमिया म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते. अशा मुलांच्या अंगात धड रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावं लागतं. त्या रक्ताबरोबर लोह येतं, ते बाहेर जात नाही, काळजात आणि यकृतात साचत राहतं आणि शेवटी त्यानेच माणूस जातो. म्हणून लोह काढणारं औषध द्यायचं. त्या काळी ते रोज एका छोट्या पंपाने द्यावं लागे. साबणाच्या डबीहून थोडा मोठा पंप, पोटाच्या कातडीखाली सुई, आणि आठ-दहा तास थेंब थेंब औषध. रोज. शाळेची सहल असो, घरात लग्न असो.

शनिवारी सकाळी तन्वीची थाळी पाहिली. फिकट ठिपके होते, पण टाचणीच्या टोकाएवढे. असे बारीक ठिपके अधूनमधून दिसत. आमच्याकडे असलेल्या नेहमीच्या तपासण्या लावल्या, टायफॉइडचा नाही, हगवणीचा नाही. एरवी मी वहीत 'रोगजंतू आढळले नाहीत' असं लिहून थाळी टाकून दिली असती. त्या दिवशी नाही टाकली, कारण मुलांच्या डॉक्टर परुळेकर मॅडमनी चिठ्ठीवर खाली लिहिलं होतं, 'कृपया नीट बघा.' त्यांचा 'कृपया' सहसा येत नसे. मी थाळी पुन्हा कपाटात सरकवली.

रविवारी माझी ड्युटी होती. साडेआठला पोचले तर आमचे तावडेमामा दारातच उभे. मामा लॅबचे सेवक, मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर इथे लागलेले. म्हणाले, "बाये, ह्या कपाट थंड पडला हा. मेला की काय?"

खरंच मेलं होतं. आदल्या दिवशी कधीतरी त्याची तापमान सांभाळणारी कळ बिघडली होती. आतला पारा बाहेरच्या हवेइतका उतरलेला. शनिवारी लावलेल्या पंधरा-वीस थाळ्या आत होत्या. एकेक काढून बघायला लागले. कोऱ्या, नाहीतर जेमतेम काहीतरी उगवलेल्या. जंतूंना ऊब मिळाली नव्हती, वाढणार कसे?

आणि मग तन्वीची थाळी हातात आली. कालचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आज मोहरीएवढे झाले होते.

मी ती खिडकीपाशी नेली. पुन्हा बघितली. नाव पुन्हा वाचलं. बाकी सगळे गारठ्यात आखडले होते आणि हा एकटा मजेत वाढला होता. पोटातला जंतू, त्याला अंगाची ऊब आवडायला हवी. मी मामांना म्हटलं, "मामा, याला थंडी आवडलीय."

"असतत अशी माणसा," मामा म्हणाले. "माझो मेवणो असोच आसा."

कॉलेजात आमच्या पुस्तकात एका जंतूवर अर्धं पान होतं. यर्सिनिया त्याचं नाव. थंड मुलखातला, आपल्याकडे दुर्मीळ, परीक्षेला येत नाही म्हणून कुणी वाचत नसे. मी वाचलं होतं, कारण पुस्तक सेकंड हँड होतं आणि आधीच्या मालकाने नेमकं तेवढंच पान लाल पेन्सिलीने रंगवून ठेवलं होतं. त्यातल्या तीन गोष्टी आठवल्या. हा गारठ्यात वाढतो. मुलांना झाला तर अगदी अपेंडिक्ससारखं दुखतं, इतकं की सर्जन फसतात. आणि हा थंड हवेत हलतो, पण अंगाच्या उबेत ठेवला तर हलायचा थांबतो.

मी खाली वॉर्डात फोन लावला. परुळेकर मॅडम राऊंडवर होत्या.

"मॅडम, त्या थॅलेसेमियाच्या मुलीला अपेंडिक्सचं दुखणं आहे का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं? एक वाजता थिएटरला घेतायत तिला."

"थोडं थांबवता येईल?"

त्यांनी पलीकडे नर्सला थांबायला सांगितलं. मग, "साळवेबाई, काय दिसलंय?"

मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "खात्री?"

"आत्ता अर्धी. दोन वाजेपर्यंत द्या मला."

आमचे प्रमुख डॉक्टर त्या आठवड्यात रजेवर गावी होते. टेक्निशियनला रिपोर्ट द्यायचा अधिकार नसतो, ती सही त्यांची. म्हणजे माझ्या बोलण्याला कागदावर काडीची किंमत नव्हती. पण मॅडमनी सर्जनना दोनपर्यंत थांबवलं. सर्जन वाईट माणूस नव्हते हे मला इथे लिहायला हवं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पोट उघडलं आणि अपेंडिक्स चांगलं निघालं तर फार तर एक व्रण राहतो, पण न उघडता ते आत फुटलं तर मुलगी हातची जाते. मॅडमचं म्हणणं, या मुलीच्या अंगात रक्त आहे अर्धं, ताप एकशेचार, ही भूल सोसेल का? दोघंही घाबरले होते, वेगवेगळ्या गोष्टींना.

मी त्या मोहरीएवढ्या ठिपक्यातला कण दोन बाटल्यांत सोडला. एक बाटली टेबलावर थंड हवेत. दुसरी उबेत ठेवायची, पण कपाट बंद. दुसऱ्या टेबलावर गरम पाण्याचं एक भांडं होतं, त्याचा पारा अंगाच्या उबेवर लावला आणि बाटली त्यात बुडवली. मग वाट बघत बसले. त्या पाच तासांत मामांनी मला चार वेळा चहा दिला. मी प्रत्येक कप अर्धा ठेवला.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना उबेतल्या बाटलीतला थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला. जंतू होते. निपचित, पाण्यात पडलेल्या काड्यांसारखे. मग थंड बाटलीतला थेंब घेतला.

ते नाचत होते. गिरक्या घेत, कोलांट्या मारत, इकडून तिकडे. मी डोळा लावून किती वेळ बसले कोण जाणे. मामा म्हणाले, "बाये, दोन वाजले."

अठरा वर्षांच्या नोकरीत मी मुलांच्या वॉर्डात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आम्हाला नमुने दिसतात, माणसं नाही. त्या दिवशी लिफ्टची वाट न बघता दोन मजले उतरून गेले. मॅडम आणि सर्जन दारातच उभे होते. मी सांगितलं. सर्जनांनी विचारलं, "हे लेखी द्याल?"

"माझी सही चालत नाही, सर."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "साळवेबाई, चुकलात तर?"

"तर माझं नाव सांगा."

"तुमचं नाव सांगून काय होणार? सही माझी आहे." एवढं बोलून त्यांनी केस पेपर काढला आणि उभ्या उभ्याच लिहायला लागल्या. ऑपरेशन पुढे ढकललं. सर्जन दर तासाला पोट तपासणार, जरा वेगळं वाटलं तर थिएटर. दोन अँटिबायोटिकं शिरेतून सुरू. आणि लोह काढणाऱ्या औषधाचा पंप आजपासून बंद.

हा शेवटचा हुकूम मला पुस्तकातून माहीत नव्हता, मॅडमना माहीत होता. या जंतूला लोह फार लागतं, पण स्वतः ते उचलता येत नाही. मुलीच्या अंगात लोह साचलेलं. ते बाहेर काढण्यासाठी दिलेलं औषध लोह धरून आणायचं, आणि जंतू ते आयतं ताटातलं उचलायचा. औषधावरच तो पोसला होता.

हे तन्वीच्या आईला सांगायचं होतं. तिचं नाव वैशाली, भांडुपला घरी बसून ब्लाऊज शिवायची. मॅडम तिला समजावत होत्या आणि मी बाजूला उभी होते, निघावं की थांबावं कळत नव्हतं. वैशालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पंपामुळे झालं?"

"पंपामुळे नाही. पण पंपामुळे वाढलं."

"मी एक दिवस चुकवला नाही, मॅडम." तिचा आवाज चढला नव्हता. "साडेपाच वर्षं. ही रडायची, लाथा मारायची, माझ्या सासूबाई म्हणायच्या, एक दिवस सोड गं पोरीला. मी नाही सोडलं. एक दिवस नाही."

मॅडमना पुढच्या पेशंटकडे जावं लागलं. वैशाली स्टुलावर बसली. मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "ताई, तुम्ही चुकवलं नाहीत म्हणून ती अकरा वर्षांची झालीय." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कोण?"

"मी लॅबमधली. तिची शी मी तपासली."

"अरे बापरे," ती म्हणाली, आणि त्या सगळ्यात तिला थोडं हसू आलं.

सोमवारी ताप तसाच. सर्जन माझ्याशी बोलले नाहीत, मीही त्यांच्या वाटेला गेले नाही. मंगळवारी सकाळी एकशेदोन. दुपारी पोट मऊ पडलं. बुधवारी ताप उतरला आणि पोरीने बटाटवडा मागितला. मॅडमनी फोन करून मला एवढंच सांगितलं, "साळवेबाई, वडा मागतेय. देत नाहीये मी, पण मागतेय." तो जंतू आम्ही मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तीन आठवड्यांनी तिथून कागद आला. तोच होता. कुठून आला, दुधातून की पाण्यातून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात एक विचार डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही. त्याआधीच्या अठरा वर्षांत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके मी किती थाळ्यांवर बघितले असतील? 'आढळले नाहीत' असं लिहून किती थाळ्या टाकल्या असतील? त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतील. सगळ्याच असतील का? त्या मुलांची नावं मला आठवत नाहीत, आठवायला मी त्यांना बघितलंच नव्हतं. नंतर मी नियम केला, दर नमुन्याच्या थाळ्या दोन, एक उबेत आणि एक टेबलावर. चौदा वर्षं तो पाळला. पुन्हा तो जंतू फक्त एकदाच सापडला, गोवंडीच्या एका बाळात.

घरी मी आईला ही गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत राहिली. पण पुढच्या महिन्यात नळावर एका शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "शी तपासते माझी पोरगी. डॉक्टर तिला विचारल्याशिवाय पोट फाडत नाहीत." यात पहिलं वाक्य तेवढं खरं होतं. मी आत निघून गेले. तिने मला बघू नये असं वाटलं, कारण माझे डोळे भरले होते.

घरी जायच्या आदल्या दिवशी तन्वी आईचा हात धरून लॅबमध्ये आली. बारीक, पिवळट, केसांना दोन रबर. "त्या शीवाल्या मावशी कोण?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा, "मला तो बघायचाय."

तावडेमामांनी स्टूल दिलं. मी थंड बाटलीतला थेंब लावला. तिने डोळा लावला आणि ओरडली, "आयला! नाचतायत की हे!"

"तन्वी!" आई म्हणाली.

"अगं खरंच नाचतायत. माझ्या पोटात पण नाचत होते?"

"नाही," मी म्हटलं. "पोटात उबेत हे गप्प पडून असतात."

तिने पुन्हा डोळा लावला. "म्हणजे इथे आल्यावर खूश झाले."

त्यानंतर ती येतच राहिली. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला यायची, आणि ते झालं की आमच्या अर्ध्या दारावर दोन टकटक. मामा म्हणायचे, "इली गो तुझी." मी तिला काही ना काही दाखवायचे. दह्याचा थेंब, कुंडीतली माती, तिच्याच रक्तातल्या वेड्यावाकड्या पेशी. ती शाळेच्या वहीत चित्रं काढायची आणि त्यांना नावं द्यायची, वर्गातल्या मुलींची, आवडत नसलेल्या शिक्षकांची. पुढे पंप जाऊन गोळ्या आल्या, तेव्हा पंपाची ती डबी मला द्यायला निघाली होती. आईने दिली नाही.

एकदा, चौदा वर्षांची असेल, मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता तिने विचारलं, "मावशी, मी किती वर्षं जगेन गं?"

मी पटकन म्हटलं, "ते परुळेकर मॅडमना विचार."

"सगळे हेच म्हणतात. याला विचार, त्याला विचार." आणि भिंगाचं चाक फिरवत राहिली.

त्या वेळी काय बोलायला हवं होतं हे मला आजही कळलेलं नाही. पण ते बोलायला नको होतं हे कळतं. मी तिच्याशेजारी बसून 'माहीत नाही गं' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. बत्तीस वर्षं मी माहीत नसलेल्या गोष्टी शोधल्या, आणि माहीत नाही म्हणायला तेवढं त्या पोरीपुढे घाबरले.

अठराव्या वर्षी तिची फाईल मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या इस्पितळात गेली. नियमच तो. मग फोन यायचे, आधी आठवड्याला, मग सणावाराला. बी.कॉम. झाली, मुलुंडला एका ऑफिसात लागली. एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, आमच्या फ्रिजमध्ये तुझ्या दोस्तांची पार्टी चाललेली असणार बघ." मी हसले, तीही हसली. तो शेवटचा फोन होता हे दोन महिन्यांनी मीच फोन लावला तेव्हा कळलं. लोह शेवटी काळजात साचलंच होतं. गेली तेव्हा बावीस वर्षांची होती. मला कुणी कळवलं नाही, कळवणार तरी कोण? मी नात्याची कुठे होते? परुळेकर मॅडम तोवर मुलाकडे परदेशी गेल्या होत्या. तावडेमामा रिटायर होऊन मालवणला. अर्ध्या दारावर पुढे कितीतरी वेळा टकटक झाली, कुरिअरवाला, वॉर्डबॉय, आणि दर वेळी माझी मान वर व्हायची.

तीन वर्षांनी मी रिटायर झाले आणि पाठोपाठ आमची लॅबही. आता तिथले नमुने गाडीने नवी मुंबईला एका मोठ्या केंद्रात जातात. तिथलं यंत्र एक ठिपका घेतं आणि थोड्या वेळात जंतूचं नाव सांगतं. मी बघून आलेय. माझ्यापेक्षा हुशार आहे, मान्य. तन्वीच्या वेळी ते असतं तर पाच तास वाचले असते आणि दोन डॉक्टरांची घाबरगुंडी वाचली असती. तरी तिथून परतताना वाटेत मी एका बाकावर बराच वेळ बसून राहिले.

गेल्या वर्षी वैशालीचाच फोन आला. भांडुपच्या एका कॉलेजात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी थॅलेसेमियाच्या तपासणीचं शिबिर असतं. आईवडील दोघांच्याही रक्तात दोष दबलेला असेल, तरच मूल आजारी होऊ शकतं. लग्नाआधी एक साधी रक्ततपासणी केली की हे कळतं. वैशाली तिथे नावं लिहून घेते. म्हणाली, "रक्त काढायला माणूस नाही. तुम्हाला येतं ना?"

"येतं म्हणजे काय!"

तेव्हापासून मी जाते. हात अजून थरथरत नाही.

मागच्या शनिवारी एक जोडपं आलं. मुलगी अशी विशीतली, लग्न ठरलेलं, साखरपुड्याची मेंदी अजून उतरायची होती. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला होता. बाजूच्या टेबलावर वैशाली फॉर्म भरत होती. मुलीने कुणाकडून तरी ऐकलं असावं. दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, तुमची मुलगी... कशी होती?"

मला वाटलं, आता वैशाली सांगेल. पंप, सुया, रक्ताच्या पिशव्या, इस्पितळं. सांगायला तिथे बसलेली असते ती, सांगितलं की लोक तपासणी करून घेतात.

वैशालीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "वात्रट होती. एक नंबरची." आणि मग सांगत सुटली. वर्गातल्या बाईंची नक्कल कशी करायची. बापाकडून पहिल्या पगाराचं जेवण कसं उकळलं आणि स्वतःचा पगार कसा लपवला. तिला भेंडी आवडायची नाही. ऑफिसातल्या एका मुलाला ती आवडायची आणि तो तिला आवडायचा नाही, तर त्याची कविता सगळ्या घराला वाचून दाखवली. पावभाजीवर लिंबू किती पिळायचं यावरून भांडायची. बाहेर रांग वाढली होती. मुलीचा होणारा नवरा भिंतीला टेकून ऐकत होता. मी पट्टा सोडून दिला आणि तसाच हातात धरून बसले.

पाव तास ती बोलली. आजाराचा एक शब्द तिने काढला नाही.